रात्रीचा दिवस करणारांस

परीक्षांचे दिवस जवळ आले म्हणजे निडीच्या स्थानकावर सकाळच्या गाडीची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्यांकडे आम्ही मुद्दाम न्याहाळून पाहतों. डोळ्यांखालीं काळिमा, मुखावर फिकेपणा, हातांत उघडें पुस्तक आणि पानागणिक एक जांभई, असें हें चित्र दरवर्षींचेंच झालें आहे. कोणी विचारलें तर पालक कौतुकानें सांगतात कीं, आमचा मुलगा रात्रीचा दिवस करीत आहे! हें कौतुक आम्हांस मुळींच मान्य नाहीं.

मुखावरील तेजासाठीं डब्यांतील मलमांवर पैसा खर्च करणाऱ्या आमच्या तरुण वाचकांस एक प्रयोग सांगतों. स्वीडनमधील करोलिन्स्का संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं २३ निरोगी माणसांचीं छायाचित्रें दोनदां घेतलीं. एकदां पुरती झोप झाल्यावर, आणि एकदां झोपेवांचून ३१ तास काढल्यावर. हीं छायाचित्रें ६५ परक्या माणसांस दाखविलीं. कोणतें केव्हांचें, हें त्यांस ठाऊक नव्हतें. तरी जागरणानंतरचे चेहरे त्यांस अधिक आजारी व कमी देखणे वाटले. हा वृत्तान्त २०१० सालीं प्रसिद्ध झाला. शरीराच्या वाढीस साह्य करणारा अंतःस्राव गाढ झोपेंतच विशेष प्रमाणांत रक्तांत उतरतो, आणि दिवसा वाचलेलें मनांत पक्कें बसतें तेंही झोपेंतच. आमच्या चरकसंहितेनें तर आहाराच्या जोडीस निद्रेलाही शरीराचा आधारस्तंभ मानिलें आहे. अमेरिकेंतील निद्रावैद्यांच्या संस्थेनें २०१६ सालीं ६ ते १२ वर्षांच्या मुलांस ९ ते १२ तास, व १३ ते १८ वर्षांच्या मुलांस ८ ते १० तास झोप हवी असें ठरविलें. स्थानकावरील आमच्या मित्रांनीं आपला हिशेब आपणच करावा.

शासनाचें लक्ष या प्रश्नाकडे गेलें ही समाधानाची गोष्ट होय. डिसेंबर २०२३ मध्यें तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनीं शाळांच्या वेळा बदलण्याविषयीं सुचविलें, आणि फेब्रुवारी २०२४ मध्यें शालेय शिक्षण विभागानें पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळीं ९ वाजतां किंवा त्यानंतर भरवावे असा निर्णय काढला. परंतु चौथीनंतर काय? वयांत येणाऱ्या मुलामुलींस रात्रीं झोप निसर्गतःच उशिरां येते. म्हणजे पहाटेच्या झोपेची ज्यांस अधिक गरज, तींच या निर्णयांतून वगळलीं गेलीं. ही सवलत माध्यमिक वर्गांसही मिळावी असें आमचें स्पष्ट मत आहे. एकाच इमारतींत दोन पाळ्या भरविणाऱ्या शाळांची अडचण आम्ही जाणतों. गाड्यांच्या वेळाही शाळेस विचारून ठरत नाहींत. तरी अडचण आहे म्हणून विचारच करूं नये, असें होत नाहीं.

मात्र शाळा नऊला भरली आणि घरांतील रात्र एक तासानें लांबली, तर लाभ तो काय? येथें आम्हांस पालकांशीं दोन शब्द बोलावयाचे आहेत. या भागांतील अनेक घरांचें पोट धाटाव आणि नागोठण्याच्या कारखान्यांवर चालतें. वडील दुसऱ्या पाळीहून रात्रीं अकरानंतर घरीं येतात. त्यांची भेट व्हावी म्हणून मुलें जागीं राहतात, आणि तोंवर मोबाईल हाच त्यांचा सोबती होतो. यांत दोष कोणाचा म्हणावा? माया आहे म्हणूनच जागरण आहे. तरीही आमची विनंती अशी कीं, बाबांनीं निजलेल्या मुलाच्या अंगावरचें पांघरूण सारखें करावें, व भेट सकाळच्या चहावर ठेवावी. मोबाईल रात्रीं स्वयंपाकघरांत ठेवावा. वडिलांचाही, हें सांगावयास आम्ही भीत नाहीं.

रात्रींच्या अभ्यासाची गोष्ट निघाली म्हणजे डॉ. आंबेडकरांचें उदाहरण हटकून देतात. तें द्यावें, पण पुरतें द्यावें. परळच्या चाळींतील एकाच खोलींत सुभेदार रामजी आपल्या मुलास आधीं लवकर निजवीत, स्वतः जागे राहत, आणि मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास त्यास अभ्यासास उठवीत. भीमराव पहांटे वाचीत बसत ते एक झोप पदरीं पाडून. आमचा विद्यार्थी बारापर्यंत जागतो आणि चाराचा गजर लावतो. मग त्याचा भूगोल रोह्याच्या वाटेवर गाडीच्या खिडकीशीं डुलक्या घेतां घेतां संपतो.