आगगाडी म्हणा की उगिबंडी

मराठीत आपण तिला आगगाडी म्हणतो. कानडीत तीच उगिबंडी. उगि म्हणजे वाफ. जुनी कानडी माणसे होगेबंडीही म्हणत. होगे म्हणजे धूर. एकाच वस्तूला मराठीने आगीचे नाव दिले आणि कानडीने वाफेचे व धुराचे. आमच्या कंग्राळीत आईची भाषा एक आणि शेजाऱ्यांची दुसरी, अशा वातावरणात वाढलेल्या मुलांच्या कानांवरून हे तिन्ही शब्द गेलेले असतात. गंमत अशी की, ते इंजिन कसे चालत असे हे समजून घ्यायला तिन्ही शब्द लागतात. एकाने भागत नाही.

परवा वर्गात एका मुलाने विचारले, "सर, पाणी उकळून एवढी मोठी गाडी कशी ओढली जायची?" त्याला मी घरातला बंब आठवायला सांगितला. तांब्याच्या बंबात मधोमध नळी असते. नळीत जाळ, भोवती पाणी. न्हाणीघरातल्या चुलीवरच्या हंड्याला जाळ फक्त बुडाशी लागतो. बंबाला तो पोटातून लागतो. म्हणून बंबाचे पाणी थोड्या लाकडांत तापते. आता हाच बंब आडवा करा. मधल्या एका नळीऐवजी शे-दीडशे बारीक नळ्या ओवा, एका टोकाला भट्टी जोडा आणि वाफ बाहेर जाऊ न देता कोंडा. झाला इंजिनाचा बॉयलर! कोंडलेली वाफ सिलिंडरातला दट्ट्या ढकलते, दट्ट्या दांड्याच्या साहाय्याने चाक फिरवतो. काम संपलेली वाफ धुराड्यातून जोरात बाहेर फेकली जाते आणि जाताना धूरही ओढून नेते. त्यामुळे भट्टीत ताजी हवा शिरते आणि आग फुलते. म्हणजे इंजिन जितके जास्त राबेल तितकी आग जास्त पेटेल. लहानपणी आपण ज्याला झुकझुक म्हणत होतो, तो याच वाफेच्या श्वासाचा आवाज.

सपाटीवर हे सगळे ठीक. खरी परीक्षा घाटात. वाफ कितीही असली तरी रुळावर चाकच घसरले तर काय उपयोग? चढाला बैलगाडी उलार होऊ नये म्हणून गाडीवान पुढे सरकून बसतो. इंजिनाच्या बाबतीतही वजन योग्य चाकांवर पडावे लागते. पण एका आसावर फार वजन दिले तर रूळ सोसत नाही, आणि चाके वाढवून वजन वाटून द्यावे तर लांबलचक इंजिन वळणावर वळत नाही. एकोणिसाव्या शतकात घाटाचे इंजिन बनवणाऱ्या प्रत्येकाला हा पेच सोडवावा लागला.

आपल्याकडे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी निघाली. साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने तिला जोडली होती. ती सपाटीची सफर होती. पुढे उभा होता बोरघाट: सुमारे १६ मैलांत १८३१ फुटांची चढण, २५ बोगदे, आणि जिथे चढ सर्वांत तीव्र तिथे ३७ फुटांना एक फूट. १८६३ मध्ये हा घाट खुला झाला. त्याचे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारले. त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी ते कंत्राट पुढे नेले. त्या काळातल्या बाईची ही हिंमत आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवी. घाटासाठी खास इंजिने आणली गेली. त्यांची पाण्याची टाकी बॉयलरवर खोगिरासारखी बसवलेली असे, म्हणजे पाण्याचे वजनही चाकांवरच पडे.

नेमक्या त्याच काळात इटलीत असाच घाट होता. तुरीन ते जेनोवा या मार्गावरचा जोव्ही घाट. तिथला चढ तर आपल्या बोरघाटाहूनही कडक, २८ फुटांना एक फूट. १८५० च्या दशकात तिथे दोन छोटी इंजिने पाठीला पाठ लावून जोडली गेली आणि दोन्हींचे कामकाज मधोमध उभ्या असलेल्या एकाच चमूकडे दिले. लोक त्यांना 'जोव्हीचे मॅस्टोडॉन' म्हणत. मॅस्टोडॉन म्हणजे हत्तीच्या जातीचा, आता नामशेष झालेला प्राणी. रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या इंग्लंडमधल्या कारखान्याची ती रचना. घाट वेगळे, देश वेगळे, पण पेच एकच. उत्तरे मात्र दोन निघाली: आपल्याकडे पाठीवर खोगीर, त्यांच्याकडे बैलजोडी!

घाटात दुसरा वैरी म्हणजे धूर. १८९८ मध्ये जोव्हीच्या बोगद्यात इंजिनावरची माणसे धुराने गुदमरली आणि गाडी उताराला मागे घसरून मोठा अपघात झाला. त्यानंतर थोड्याच काळात, १९०० मध्ये, इटलीत एक विचित्र इंजिन तयार झाले. चालकाची खोली सगळ्यांत पुढे आणि धुराडे त्याच्या मागे. कोळसा खोलीशेजारीच, मागच्या डब्यात फक्त पाणी. तिथल्या लोकांनी त्याला 'मुक्का' असे लाडके नाव दिले. इटालियनमध्ये मुक्का म्हणजे गाय. जोव्ही घाटात १९१० च्या सुमारास वीज आली, आपल्या बोरघाटात १९२९-३० मध्ये.

आपल्या भागातले इंजिन मीटरगेजचे. सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी १८८२ मध्ये निघाली आणि त्याच दशकात तिचे रूळ बेळगावात आले. १८८८ मध्ये मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंतचा पोर्तुगीज मार्ग पूर्ण झाला. कुळे ते कॅसलरॉक हा २६ किलोमीटरचा घाट दूधसागराच्या अंगावरून चढतो. आज आपण तिथे धबधब्याचे फोटो काढतो. त्या काळी प्रवासी डोळ्यांत गेलेला कोळशाचा कण काढत बसायचे. तिकडे मिरजेला १९२७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेचे अरुंद रूळही येऊन पोहोचले. त्यामुळे मिरजेच्या माणसांनी एकाच स्टेशनात तीन मापांचे रूळ पाहिले आहेत.

ही इंजिने आली बाहेरून, पण त्यांना जगवले इथल्या माणसांनी. माझे एक चुलत आजोबा हुबळीच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. घरी मराठी, कारखान्यात कानडी आणि यंत्राच्या भागांना इंग्रजी नावे, असा त्यांचा कारभार. ते सांगायचे, "इंजिन नवं कधीच नसतं आणि जुनंही कधीच नसतं." याचा अर्थ मला फार उशिरा कळला. ठरावीक मैल झाले की इंजिन कारखान्यात येई आणि पार उघडले जाई. गळक्या नळ्या काढून नव्या बसवायच्या. जड पाण्याने बॉयलरच्या आत धरलेला चुन्याचा थर खरवडायचा. झिजलेली चाके कातकामाच्या यंत्रावर पुन्हा गोल करायची. चाकाची पोलादी धाव फारच झिजली, तर नवी धाव तापवून, फुगवून चाकावर चढवायची. ती थंड होऊन आकसली की चाकाला गच्च आवळते. आपल्या गावातला सुतार-लोहार बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवतो, ती युक्ती हीच. तुंबा, आरे, धाव हे ज्याने गावात पाहिले होते, त्याला इंजिनाचे चाक परके वाटले नाही.

दुरुस्ती करता करता माणूस रचना शिकतो, हा जगाचा अनुभव आहे. इटलीत पहिली रेल्वे १८३९ मध्ये नेपल्स ते पोर्तिची धावली. तिचे बायार्ड नावाचे इंजिन इंग्लंडहून आलेले. पण १८४० मध्येच नेपल्सजवळ पिएत्रार्सा येथे कारखाना उभा राहिला आणि काही वर्षांत तिथे इंजिनांचे काम सुरू झाले. आपल्याकडे इंजिनदुरुस्तीच्या कारखान्यांतूनच इंजिने जन्माला आली. अजमेरच्या कारखान्याने १८९५ मध्ये मीटरगेजचे एक इंजिन भारतात घडवले. ते आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. जमालपूरने १८९९ मध्ये 'लेडी कर्झन' हे इंजिन बांधले.

आता प्रश्न असा की, निम्मे भाग बदललेले इंजिन जुने म्हणायचे की नवे? पिएत्रार्सात आज संग्रहालय आहे आणि तिथे उभे असलेले बायार्ड ही १९३९ मध्ये शताब्दीसाठी केलेली प्रतिकृती आहे. आपली फेअरी क्वीन १८५५ ची. १९९७ मध्ये ती पुन्हा रुळांवर आली. पुढे तिचे सुटे भाग चोरीला गेले, तेव्हा पेरांबूरच्या कारखान्यात तिची पुन्हा बांधणी झाली आणि २०१२ मध्ये ती परत धावली. प्रतिकृतीला सगळे नवे असते, तरी ती जुन्या काळाची आठवण देते. फेअरी क्वीनमध्ये नवे भाग आहेत, पण तिच्यामागे दुरुस्त करणाऱ्या हातांची अखंड परंपरा आहे. मला दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. आजीच्या गोधडीत किती ठिगळे आईची आणि किती मावशीची हे आपण मोजत नाही. ती आजीचीच गोधडी असते, कारण ती कोणीतरी सतत शिवत राहिले.

आणि इथेच मला काळजी वाटते. १९९० च्या दशकात आपल्या मार्गावरचे मीटरगेज गेले, वाफेची इंजिनेही गेली. रंग देऊन चौथऱ्यावर उभे केलेले इंजिन पाहायला मिळते, पण त्याची नळी कशी बदलायची हे हातांनी जाणणारा माणूस आता ऐंशीच्या घरात आहे. तो गेला की उरेल ते नुसते लोखंड. फायरमन, फिटर, बॉयलरमेकर यांची ही विद्या कुठल्या पुस्तकात पूर्ण उतरलेली नाही. ती मराठी-कानडी-इंग्रजी अशा मिश्र बोलीत, गप्पांच्या ओघात राहिली आहे.

वाचकहो, आपल्या सीमाभागात हुबळी, मिरज, लोंढा, कॅसलरॉक इथे नोकरी केलेला एखादा तरी आजोबा अनेक घरांत निघेल. सुट्टीत मुलांना हुबळीच्या रेल्वे संग्रहालयात न्या. ते २०२० मध्ये सुरू झाले आहे आणि तिथल्या दोन जुन्या दगडी घरांना आपल्याच नद्यांची, मलप्रभा आणि घटप्रभा अशी नावे दिली आहेत. शक्य असेल तर त्या आजोबांनाही बरोबर घ्या. इंजिनापुढे उभे राहून ते जे बोलतील ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. मराठीत बोलले तर मराठीत, कानडीत बोलले तर कानडीत, दोन्हींची सरमिसळ झाली तर तशीच राहू द्या. शुद्ध करण्याच्या भानगडीत पडू नका. आणि घरी आल्यावर मुलांना विचारा, आग कुठे होती, उगि कुठे होती आणि होगे कुठून बाहेर गेला?