प्रतिपक्षाने घेतलेली परीक्षा

आपल्या कृतीची परीक्षा स्नेह्यांनीच घ्यावी, ही इच्छा मनुष्यस्वभावास धरूनच आहे. परंतु जिचा खर्च प्रतिस्पर्ध्याने सोसला आणि जिचा निकाल आपल्यास नामुष्कीचा ठरला, अशी परीक्षाच पुष्कळदा अधिक उपकारक होते, याला १९९९ सालचा एक संगणकीय वाद उत्तम दाखला आहे. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील माइंडक्राफ्ट या कंपनीने मायक्रोसॉफ्टच्या पैशाने केलेल्या चाचणीचा अहवाल प्रसिद्ध केला. चार प्रोसेसरांच्या डेल सर्व्हरवर मायक्रोसॉफ्टची विंडोज एनटी आणि तिची प्रतिस्पर्धी लिनक्स या कार्यप्रणालींना आळीपाळीने राबवून, वेबपृष्ठे पुरविण्याच्या कामी एनटी ३.७ पट सरस आहे, असा निष्कर्ष त्यात काढला होता.

लिनक्सच्या पुरस्कर्त्यांत साहजिकच गहजब उडाला. यंत्रणा नीट जुळविली नाही, पैसा प्रतिपक्षाचा, आणि शंभर मेगाबिटांची चार नेटवर्क कार्डे एकदम भरून वाहतील एवढी रहदारी त्या काळी किती संकेतस्थळांच्या वाट्यास येत होती, हे त्यांचे आक्षेप निराधार नव्हते. तथापि जूनमध्ये लिनक्सचे वितरण करणाऱ्या रेड हॅट कंपनीच्या जाणकारांच्या समक्ष पीसी वीक नियतकालिकाच्या प्रयोगशाळेत फेरचाचणी झाली, तेव्हा अंतर घटले तरी फैसला फिरला नाही.

दोष लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये होता. कचेरीत चार कारकून असावेत, पण दप्तरखान्याची किल्ली एकच असावी, तशी ‘बिग कर्नेल लॉक’ या कुलपाने लिनक्सची स्थिती केली होती. नेटवर्कचे बरेचसे काम एका वेळी एकाच प्रोसेसरला करता येई आणि उरलेले तिष्ठत राहत. शिवाय नवी जोडणी येताच तिची वाट पाहत निजलेल्या सर्व प्रक्रिया जाग्या होत, त्यांतील एकीस काम मिळे आणि बाकीच्या निष्कारण धावपळ करून पुन्हा निजत. अशा वेळी एकीसच जागे करावे, एवढाच एका पॅचचा, म्हणजे कर्नेलमधील छोट्या दुरुस्तीचा, आशय होता.

पॅच लिहिणे हे मात्र अर्धेच काम. त्याची कसोटी घेणे अधिक कष्टाचे. यंत्र तेच, फायली त्याच, भार तोच ठेवून, एका वेळी एकच बदल करून, प्रथम एका, मग दोन, मग चार प्रोसेसरांवर मोजमाप घ्यावे लागते. चार प्रोसेसर लावूनही आकडा जेमतेमच हलला, तर कोठे तरी कुलूप अडले आहे असे समजावे. मोठे कुलूप फोडून लहान कुलपे केली की ती लावण्या-काढण्याचाच खर्च एकट्या प्रोसेसरच्या यंत्रास जड जाऊ शकतो, आणि दोन प्रोसेसर एकाच नोंदीवर एकदम हात घालण्याचा प्रमाद तर दीर्घकाळ भार दिल्यावाचून दृष्टीसही पडत नाही. वेग वाढला एवढ्यावर समाधान मानणारा परीक्षक म्हणूनच अपुरा होय.

ही मेहनत फुकट गेली नाही. जानेवारी २००१ मध्ये आलेल्या २.४ या कर्नेलात नेटवर्कचे काम अनेक प्रोसेसरांत वाटले गेले. तत्पूर्वी, २००० सालीच, रेड हॅटच्या टक्स या सर्व्हरने स्पेकवेब९९ या चाचणीत एनटीच्या वारसदारास मागे टाकले होते. टक्स कर्नेलच्या आत राहूनच पृष्ठे देई, त्यामुळे तो विजय सर्वस्वी कर्नेलच्या दुरुस्तीचा म्हणता येत नाही. आणि मोठ्या कुलपाचे उरलेसुरले अवशेष काढण्यास तर २०११ साल उजाडावे लागले.

माइंडक्राफ्टचा अहवाल पक्षपाती असेल, पण त्यात यंत्राचा तपशील दिलेला होता, म्हणूनच तो तपासता आला, त्याच्याशी भांडता आले आणि त्यातून शिकताही आले. सार्वजनिक पैशाने यंत्रणा खरेदी करणाऱ्या प्रत्येक खात्याने विक्रेत्याकडून असाच तपशील लेखी मागावा, आणि प्रतिस्पर्ध्यास त्याच यंत्रावर फेरचाचणी करू देण्याची अट निविदेतच घालावी. जो विक्रेता या अटीस कबूल होणार नाही, त्याचे आकडे हिशेबात धरण्याचे कारण नाही.