पासवर्डचा फायनल एक्झिट कधी?

सौदीतल्या आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांशी मला भांडायचं आहे, आणि तेही एका ओळीवरून. स्प्रिंग बूटच्या सेटिंग्जच्या फाइलमधली डेटाबेसच्या पासवर्डची ओळ. ती उघडउघड लिहून गिटमध्ये टाकणं इतकं अंगवळणी पडलंय की, हटकणाराच नवखा ठरतो. विद्यापीठातल्या संशोधकांनी हसू नये. प्रबंधासाठी लिहिलेल्या कोडातही हेच असतं.

जावात डेटासोर्स आहे कशासाठी? प्रोग्रामला फक्त एक नाव माहीत असावं. डेटाबेस कुठल्या मशीनवर आहे, कुठल्या खात्याने आणि पासवर्डने उघडायचा, हे सर्व्हर सांभाळणाऱ्याने बाहेरून ठरवावं. २००२ च्या जावा १.४ पासून ही सोय मूळ संचातच आहे. आपण डेटासोर्स वापरतो आणि पासवर्ड पुन्हा कोडशेजारीच नेऊन ठेवतो. कुलूप घेतलं, किल्ली कडीला बांधली.

‘रेपो प्रायव्हेट आहे’ हे ठरलेलं उत्तर. प्रायव्हेट कोणापासून? इथे माणसं करारावर येतात. करार संपला की फायनल एक्झिट लागतो, इकामा रद्द होतो, ऑफिसचं कार्ड जमा होतं. क्लोन केलेला कोड मात्र लॅपटॉपवरून थेट पुण्याला पोचलेला असू शकतो. फाइलमधून ओळ खोडली तरी गिटच्या इतिहासात ती राहते. जाणाऱ्यावर माझा संशय नाही. लॅपटॉप चोरीला गेला तरी पुरे.

दुसरं उत्तर, वेळ नाही. अहो, स्प्रिंग बूट पासवर्ड एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून आपणहून उचलतो, कोडची एक ओळही बदलावी लागत नाही! व्हॉल्ट वगैरे पुढचं पुढे. पण आधी जुना पासवर्ड बदला, नुसती त्याची जागा हलवून भागत नाही. आणि माणूस गेला की पुन्हा बदला. ॲप्लिकेशनला डेटाबेसच्या ॲडमिनचं खातं तर देऊच नका. हवी तेवढीच टेबलं वाचता-लिहिता येतील असं वेगळं खातं काढा.

त्या टेबलांत असतं तरी काय? इकामा नंबर, पासपोर्ट नंबर, पगार. जुबैलच्या वेल्डरचा, दम्मामच्या नर्सचा. म्हणजे आपल्याच माणसांचा. सौदीचा व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा १४ सप्टेंबर २०२४ पासून पूर्णपणे लागू आहे आणि दंड ५० लाख रियालपर्यंत होऊ शकतो. मॅनेजरला नर्सच्या पासपोर्टचं काही वाटत नसेल, तर त्याला हा आकडा दाखवा. आणि पुढच्या कोड रिव्ह्यूत ती ओळ दिसली, तर मंजुरी देऊ नका.