मात्रा

व्याकरण शिकवितांना आम्ही मुलांस सांगत असूं कीं, ह्रस्वाची मात्रा एक, दीर्घाच्या दोन आणि प्लुताच्या तीन. आर्येच्या पहिल्या चरणांत १२ मात्रा हव्यात. ११ झाल्या तरी चाल मोडते आणि १३ झाल्या तरी मोडते. वैद्यकांतहि शब्द मात्रा हाच, आणि तेथेंहि न्यून व अधिक हे दोन्ही दोषच. हें सारें आम्हांस तोंडपाठ होतें. परंतु त्याचा अर्थ कळावयास आमचा धाकटा नातू पांचवींत जावा लागला.

मुलगा पोलादपुरास आमच्या डोळ्यांदेखत वाढला. बुद्धि तल्लख. संध्याकाळची स्तोत्रें नुसतीं ऐकून पाठ झालेलीं. परंतु वहींत तीन ओळी लिहावयाच्या म्हटलें कीं पेन्सिल खालीं पडे. ती उचलतांना ओटीवर कोण आलें हें पाहावयास तो जाई. आणि तेथें गेल्यावर आपण लिहावयास बसलों होतों हेंच विसरे. एका जेवणांत पाटावरून चारदां उठे. एके दिवशीं चेंडूमागें धांवत महामार्गावर गेला आणि मालमोटारीखालीं येतां येतां वांचला. त्या रात्रीं घरांत कोणास नीट झोंप आली नाहीं.

एकत्र कुटुंबांत डोकीं जितकीं तितकीं मतें. आमचे वडील बंधु म्हणाले, "अरे, दोन फटके दे, सुतासारखा सरळ येईल." आमच्या सौ.नीं मीठमोहऱ्या उतरल्या. कोणी सूनबाईच्या लाडांस दोष दिला. ती बिचारी मान खालीं घालून ऐकत असे. शेवटीं तीच एके रात्रीं म्हणाली, "बाबा, मार खाऊन सुधारायचा असता तर एव्हांना सुधारला असता. आपण त्याला पुण्याला दाखवूं."

आम्ही होकार दिला. परंतु मन स्वस्थ नव्हतें. महाडच्या शाळेंत आम्हीं वर्षानुवर्षें अध्यापन केलें. खिडकीबाहेर पाहणारा, उत्तर येत असूनहि प्रश्न पुरा होण्याआधींच ओरडणारा, दप्तर विसरणारा असा एक तरी मुलगा प्रत्येक वर्गांत असे, आणि त्याच्यावर आमची मात्रा एकच होती, छडीची. ती लागू पडली नाहीं म्हणजे आम्ही ती वाढवीत असूं. त्यांपैकीं एकानें सातवींतूनच शाळा सोडली. आज त्याचा चेहरा आमच्या डोळ्यांपुढून हालत नाहीं.

पुण्याच्या डॉक्टरांनीं घरच्यांस व शाळेस वेगवेगळ्या प्रश्नावल्या दिल्या, डोळे व कान तपासावयास सांगितले आणि मग निदान केलें: एडीएचडी, म्हणजे अवधान न टिकणें व अतिचंचलता. हें आजकालचें खूळ आहे, असें आमच्या बंधूंचें मत. वास्तविक लंडनच्या जॉर्ज स्टिल या बालवैद्यानें अशा मुलांवर १९०२ सालींच व्याख्यानें दिलीं होतीं. १९३७ मध्यें अमेरिकेंत चार्ल्स ब्रॅडली याला आढळून आलें कीं, बेंझेड्रीन हें उत्तेजक औषध दिल्यावर त्याच्या संस्थेंतील कित्येक मुलें शांतपणें अभ्यास करूं लागलीं. पुढें १९४४ त स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनींत लिआंद्रो पानित्सोन यानें मिथाइलफेनिडेट हें औषध तयार केलें, आणि आपल्या पत्नीच्या रीटा या लाडक्या नांवावरून त्याचें रिटालिन असें बारसें केलें. चंचल मुलास उत्तेजक द्यावयाचें हें प्रथम विपरीत वाटतें. परंतु मेंदूंतील जें सारथ्य मनास आवरतें, तेंच या मुलांत दुबळें असतें, आणि औषध बळ देतें तें त्या सारथ्यास. प्रत्येक मुलास औषध लागतेंच असें नाहीं. कित्येकांस घरची शिस्तबद्ध दिनचर्या व शाळेची सहानुभूति पुरते. आमच्या नातवास दोन्ही लागलीं.

खरी अडचण येथून पुढें. हें औषध आपल्या देशांत १९४५ च्या औषध नियमांतील 'एक्स' अनुसूचींत मोडतें. त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते. एक प्रत दुकानदारानें दोन वर्षें जपून ठेवावयाची, औषध कुलपांत ठेवावयाचें, आणि विक्रीस निराळा परवाना घ्यावयाचा. त्यामुळें प्रत्येक दुकानांत तें मिळत नाहीं. महाडांत आम्हीं दोन दुकानें पालथीं घातलीं आणि रिकाम्या हातांनीं परतलों. दूरध्वनीवर डॉक्टरांस दाखवून चिठ्ठी मागवावी, तर २५ मार्च २०२० रोजीं निघालेल्या दूरवैद्यकाच्या नियमांनीं 'एक्स' अनुसूचींतील औषधें तशीं लिहून देण्यास मनाई केली आहे. नियम चुकीचा असें आम्ही म्हणत नाहीं. अशा औषधाचा दुरुपयोग होऊं शकतो. परंतु पुण्यामुंबईच्या मनुष्यास जो नियम रिक्षेच्या भाड्यांत पडतो, तो पोलादपुरच्या मनुष्यास घाटांत पडतो. आंबेनळी चढून महाबळेश्वर-वाईवरून जावें, किंवा महाडाहून वरंधा घाटानें भोरास उतरावें. आणि पावसाळ्यांत दरड कोसळून दोन्ही बंद झाले, तर माणगांव गांठून ताम्हिणीचा रस्ता धरावा. गेल्या आषाढांत आम्हीं हें तिन्ही घाटांचें प्रदक्षिणाव्रत पुरें केलें. जिल्ह्याचें शासकीय रुग्णालय अलिबागेस; तेंहि येथून शंभर किलोमीटरांपलीकडे. म्हणून खासगी डॉक्टर, त्यांचें शुल्क, चिरंजिवांची रजा आणि मुलाची बुडालेली शाळा.

एवढी यातायात एकदांच करून भागतें तर तक्रार नव्हती. परंतु या औषधाची मात्रा वजनावरून कोष्टकांत पाहून ठरत नाहीं. एकास ५ मिलिग्रॅम पुरतात, तर दुसऱ्यास त्याच्या कितीतरी पट लागतात. म्हणून थोडक्यापासून आरंभ करावा, पाहावें, थोडें वाढवावें, पुन्हां पाहावें, ही रीत. साध्या गोळीचा परिणाम सुमारें चार तास टिकतो. दीर्घकाल चालणाऱ्या गोळ्या निराळ्या. औषधानें भूक मंदावूं शकते, झोंप उडूं शकते, नाडी व रक्तदाब वाढूं शकतात. म्हणून वजन, उंची, नाडी व रक्तदाब वेळोवेळीं पाहावे लागतात.

आमचे पहिले डॉक्टर घाईचे निघाले. मुलास तपासतांना त्यांचें लक्ष घड्याळाकडे असे. दोन भेटींत त्यांनीं मात्रा दोनदां वाढविली, वजन एकदांहि केलें नाहीं. परंतु दोष त्यांचा एकट्यांचा म्हणवत नाहीं. कारण घर शांत झालें आणि आम्ही खूष झालों. नातू तासन् तास एका जागीं बसूं लागला. शाळेंतून "चांगली सुधारणा" असा शेरा आला. बंधुहि म्हणाले, "औषध नामी आहे हो!" आम्हींहि मनांतल्या मनांत त्यास पैकीच्या पैकी गुण दिले.

एके संध्याकाळीं सौ. जवळ येऊन म्हणाल्या, "अहो, हा शेवटचा हंसला केव्हां, आठवतं का तुम्हाला?"

आम्हांस आठवेना. त्या पुढें म्हणाल्या, "डबा भरलेला परत येतो. रात्रीं अकरा वाजले तरी टक्क जागा असतो. ओटीवर कुणी आलं तर मान वर करून बघत नाहीं. असला शहाणपणा नको हो मला."

दुसऱ्या दिवशीं वजन केलें, तें दीड किलो उतरलें होतें. छडीच्या काळांत जी चूक आम्ही करीत होतों, तीच पुन्हां केली होती. मूल गप्प बसलें म्हणजे मात्रा लागू पडली, हें आमचें जुनें गणित. आतां केवळ छडीच्या जागीं गोळी आली होती.

त्याच रात्रीं आम्हीं शंभर पानी वही घातली. गोळी कितीची व केव्हां घेतली, डबा किती संपला, झोंप केव्हां लागली, गृहपाठास किती वेळां उठला, आणि सौ.च्या आग्रहावरून एक निराळा रकाना, हंसला कीं नाहीं. वर्गशिक्षिकाबाईंस विनंती केली. त्या दर शनिवारीं चार ओळी लिहून देऊं लागल्या. सूनबाईनें दुसरे डॉक्टर शोधले. त्यांनीं वही आरंभापासून शेवटपर्यंत वाचली, वजन, नाडी व रक्तदाब पाहिले, मात्रा कमी केली आणि गोळी न्याहारी झाल्यावर द्यावयास सांगितलें. ते म्हणाले, "मी याला महिन्यांतून पंधरा मिनिटं पाहतों. बाकीचं तुम्हीच पाहायचं आहे." तीन भेटींनंतर मात्रा जुळली.

ज्या वाचकांच्या घरीं असें मूल असेल त्यांस आमचें सांगणें थोडकें आहे. पैसे मोजले म्हणजे विचारण्याचा अधिकारहि आला; वजन व रक्तदाब पाहिल्यावांचून मात्रा वाढविली जात असेल, तर कारण विचारावें. घरांत हृदयविकार असल्यास तो न लपवितां सांगावा. मात्रा आपल्या मतानें वाढवूं वा तोडूं नये. दूरध्वनीवर चिठ्ठी मिळत नाहीं, पण सल्ला मिळतो. पहिल्या भेटी शक्य तर पावसाळ्यापूर्वीं उरकाव्या, आणि औषध कोणत्या दुकानीं मिळतें हें डॉक्टरांकडून निघण्यापूर्वींच विचारून घ्यावें. २२ जुलै २०२१ चा पूर ज्यांनीं महाडांत पाहिला, त्यांस चिठ्ठ्या व वही माळ्यावर ठेवा हें सांगावयास नको. केवळ सल्ला हवा असेल तर सरकारची १४४१६ ही टेलि-मानस सेवा २०२२ पासून विनामूल्य आहे. आणि घरांतील वडीलधाऱ्यांनीं मुलाच्या आईस बोल लावणें सोडावें. हा रोग लाडांनीं होत नाहीं.

परवां नातू लिहावयास बसला होता. पेन्सिल पडली. ती उचलतांना ओटीवर बंधूंचा आवाज ऐकूं आला, तसा तो उठून गेला. आम्ही आंतून पाहत होतों. त्यांच्याशीं कांहीं बोलून तो खदखदून हंसला, आणि आपला आपण परत येऊन चौथी ओळ लिहूं लागला. त्या दिवशींचे दोन्ही रकाने आम्हीं स्वतः भरले.