आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

आमच्या धंद्यात ‘हे जरा फास्ट करून टाकतो’ म्हणणाऱ्या माणसाला मी हल्ली घाबरतो. कारण एके काळी तो माणूस मीच होतो.

बिलं काढणाऱ्या एका प्रोग्रॅमला ४० मिनिटं लागत. मी कुणालाही न विचारता व्याजाच्या हिशेबाला आरोपी ठरवलं. आठ रात्री जागून भागाकार हाकलले, एकेका ओळीत तीन-तीन कामं कोंबली. साडेचार सेकंदांचा हिशेब दीड सेकंदात होऊ लागला. प्रोग्रॅम आता ३९ मिनिटं ५७ सेकंदांत संपे!

शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, “अहो, पण आधी मोजलंत का?”

मोजायचं असतं, हे माझ्या गावीही नव्हतं. वेळ कुठे जातो ते दाखवणारा प्रोफायलर त्यांनीच लावून दिला. पाहतो तो काय, १०,००० गिऱ्हाइकांपैकी प्रत्येकासाठी १०,००० नावांची यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली जात होती. म्हणजे १० कोटी वेळा ‘हाच का तो?’ नावं एकदाच हॅश टेबलात मांडली. काम अर्ध्या मिनिटात आटोपलं. लागली एक संध्याकाळ, तीही चहासकट.

बरं, माझ्या त्या आठ रात्री नुसत्या फुकट गेल्या असत्या तरी चाललं असतं. पण भागाकार हाकलताना पैशांचा हिशेब चुकला होता. तीन सेकंद वाचवण्यापायी लोकांच्या घरी चुकीची बिलं गेली! चूक शोधायला बसलेल्याला त्या ओळींचा अर्थ लागेना. आणि बसलेला मीच होतो.

डोनाल्ड कनूथ यांनी १९७४ सालीच बजावलं होतं, की बारीकसारीक वेगाची काटकसर शंभरातल्या सुमारे ९७ वेळा विसरा. आळशी मंडळी एवढंच पाठ करतात आणि गिऱ्हाइकाला खिडकीशी ताटकळत ठेवतात. उरलेल्या ३ वेळा मात्र संधी सोडू नका, हेही त्याच लेखात आहे, हे ते सोयीस्करपणे गिळतात. त्यांच्याशीही माझं भांडण आहेच.

वर्षातून एकदा, रात्री, कुणी वाट पाहत नसताना चालणारा प्रोग्रॅम दहा मिनिटं घेईना का! पण दर अक्षर टाइप केल्यावर माणूस अडत असेल, तर तिथे जरूर घाम गाळा.

बंब न्यायला माझी ना नाही. फक्त धूर कुठून येतोय, तेवढं निघण्यापूर्वी बघून घ्या.