बंब, गिझर आणि बाथरूमची भिंत

आमच्या झरीला (तालुका तलासरी) आता जिकडेतिकडे कुडाच्या भिंती जाऊन विटा येताहेत. स्लॅब पडतो आणि त्याच्याखाली चार बाय सहाची बाथरूम होते, टाइल्स थेट वरपर्यंत. छानच आहे. मग प्रश्न येतो, पाणी तापवायला काय घ्यायचं? आणि घरातलं कुणीतरी म्हणतंच, "गॅस गिझर घ्या. स्वस्त पडतो, वीज गेली तरी चालतो."

सध्या मामेभावाकडे हेच चाललंय. फोनवर माझं कुणी ऐकत नाही, म्हणून इथे लिहितोय. (वहिनी ब्लॉग वाचतात, हे मला पक्कं माहीत आहे!)

माझा विरोध गॅसला नाही. ती पेटी बाथरूमच्या आत टांगण्याला आहे.

जरा हिशोब करू. चार बाय सहा, उंची आठ फूट, म्हणजे साधारण साडेपाच घनमीटर हवा. नेहमीचा मिनिटाला ६ लिटरवाला गिझर पूर्ण ज्योतीवर दहा मिनिटं चालला, तर त्याला जळायलाच दीड ते दोन घनमीटर हवा लागते. म्हणजे खोलीतला जवळजवळ तिसरा हिस्सा. थंडी म्हणून खिडकी बंद, दाराला आतून कडी. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

"पण गॅसचा वास येतोच की!" हे वाक्य मी किमान चार नातेवाइकांकडून ऐकलंय. अहो, वास येतो तो गळणाऱ्या गॅसचा, कारण तो मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, पायातलं बळ जातं, आणि कडी काढायचं राहूनच जातं. आपल्याकडच्या डॉक्टरांनी तर याला 'गॅस गिझर सिंड्रोम' असं नावच देऊन टाकलंय. म्हणजे प्रकार किती नेहमीचा असेल बघा.

दुसरं लाडकं वाक्य, "आमच्याकडे दहा वर्षं आहे, काही झालं नाही." असेल. बहुधा तुमच्या खिडकीची काच फुटलेली असेल.

आमच्या आजीच्या घरी बंब होता, तांब्याचा, मधल्या नळीत विस्तव. धूर डोळ्यांत जायचा, पण तो अंगणात असायचा. चूल घरात असली तरी कुडाच्या फटींतून आणि कौलांमधून वारा खेळायचा. घर पक्कं झालं तेव्हा त्या फटी बुजल्या. विस्तव मात्र आपण अंगणातून उचलून सगळ्यात कोंदट खोलीत आणून ठेवतोय. याला सुधारणा म्हणायचं?

ब्रिटनमध्ये कालव्यांवर जेमतेम सात फूट रुंदीच्या बोटींत लोक बारा महिने राहतात. तिथे गरम पाण्यासाठी डिझेलचा बॉयलर असतो. तो जळायची हवा बाहेरून घेतो आणि धूर नळीने बोटीबाहेर सोडतो. वर २०१९ पासून राहायच्या बोटीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सक्तीचा आहे. तिथे जागा नाही म्हणून डोकं चालवलं. आपल्याकडे अख्खं आवार मोकळं आहे!

आता खर्च. २० लिटरची बादली १८ अंशांनी तापवायला वीज अर्ध्या युनिटच्या आत लागते, गॅस सुमारे चाळीस ग्रॅम. चार माणसांच्या घरात या फरकावर कुणी श्रीमंत होत नाही. आणि झरीत खरं कढत पाणी हवं असतं डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा आभाळ निरभ्र असतं. मग स्लॅबवर सोलर का नको? पावसाळ्यात ढग असतील तेव्हा विजेचा गिझर (अर्थिंग तपासून), आणि वीजही गेली तर पडवीत बंब. वाडीतल्या चिकूच्या वाळक्या फांद्या नाहीतरी पडूनच असतात.

एवढं सांगूनही गॅसच हवा असेल, तर तोच गिझर बाहेरच्या भिंतीला उघड्यावर लावा, वर छोटं पत्र्याचं छप्पर करा आणि पाणी पाइपने आत घ्या. सिलिंडरही बाहेरच.

दादा, अजून टाइल्स बसल्या नाहीत ना? मग प्लंबर येईल तेव्हा गरम पाण्याच्या पाइपासाठी विहिरीकडच्या भिंतीला आरपार भोक पाडून घे. नंतर टाइल फोडावी लागेल आणि वहिनी ती फोडू देणार नाहीत.