हॅशच्या मागचं खोटं

लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येकाने एसएसएचडी_कॉन्फिग ही फाइल कधी ना कधी उघडलेली असते. त्यात '#पासवर्डऑथेंटिकेशन येस' अशी एक ओळ दिसते. आधी हॅश आहे, म्हणजे पासवर्डने लॉगिन बंद, असं अनेकजण धरून चालतात. प्रत्यक्षात उलटं! ओपनएसएसएचच्या मूळ फाइलमध्ये हॅश लावलेली ओळ म्हणजे डीफॉल्ट सेटिंग. म्हणजे पासवर्ड चालू. फाइलच्या सुरुवातीला हे लिहिलंय, पण वाचतो कोण?

खरी गंमत पुढेच आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये ओपनएसएसएच ७.० आलं आणि रूट लॉगिनचं डीफॉल्ट 'येस'वरून 'प्रोहिबिट-पासवर्ड' झालं. प्रोग्रॅम बदलला, पण ज्यांनी जुनी फाइल तशीच पुढे नेली, त्यांच्याकडे हॅशच्या मागे 'येस'च राहिलं. कॉमेंट चुकली म्हणून सर्व्हिस पडत नाही, लॉगमध्ये एरर येत नाही. म्हणूनच असलं खोटं वर्षानुवर्षं टिकतं.

"नुसती कॉमेंटच तर बदललीये," म्हणत अशा पॅचला नाकं मुरडणाऱ्यांचं मला म्हणूनच पटत नाही. रात्री दोन वाजता सर्व्हरशी झुंजणारा माणूस मॅन पेज उघडत नाही, समोरची ओळ वाचतो आणि तिच्यावर विश्वास ठेवतो.

तेव्हा मंडळी, कॉमेंटमध्ये सेटिंग काय आहे ते लिहू नका, ते का आहे ते लिहा. काय लागू होतंय ते विचारायला 'एसएसएचडी -टी' आहेच (टी कॅपिटल बरं का!). आणि चुकीची कॉमेंट दिसली तर दुरुस्त करा, नाहीतर उडवा. कॉमेंट नसलेली परवडली, खोटी नको.